पट्टीचा ट्विटर घेण्याआधी

गेल्या महिन्यात आम्ही घरच्या घरी स्पीकरची पेटी कशी बनवावी यावर लिहिले होते. त्यावर कल्याणहून एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. ते कारखान्यात फिटर आहेत. पाच इंची वूफरची जोडी आणि प्लायवूड त्यांनी आणून ठेवले आहे. ट्विटर मात्र अडला आहे. त्यांच्या मुलाने मोबाईलवर कुठे तरी रिबन ट्विटर पाहिला आणि ‘पप्पा, घ्यायचा तर हाच घेऊ’ असा हट्ट धरला. दुकानदार म्हणतो, रिबन नको, प्लेनर घ्या. पैसे बोनसचे आहेत आणि त्याच पैशांत घरात मिक्सरही यायचा आहे. ‘तुम्ही सांगाल ते घेतो,’ असे बंधूंनी लिहिले आहे.

एवढा विश्वास टाकल्यावर आमची जबाबदारी वाढली. त्यातून या बाबतीत आम्ही स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहोत, तेव्हा सगळे सविस्तर लिहितो.

ट्विटर म्हणजे पेटीतला लहान स्पीकर. बारीक, टोकदार आवाज काढायचे काम त्याचे. बोलण्यातले स, श, च, त, झांजेची किणकिण, हलगीवर काडी पडल्यावर होणारा तो कडक चटका. हे सगळे त्याच्याकडे. (आमच्या पुतण्याला ट्विटर म्हटले की मोबाईलवरचे ते आठवते. त्याचे नाव २०२३ साली बदलले. आमच्या ट्विटरचे नाव अजून तेच आहे.)

नेहमीच्या ट्विटरमध्ये रेशमी कापडाचा किंवा पातळ धातूचा एक लहानसा घुमट असतो. त्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते, ते चुंबकाच्या फटीत मागेपुढे हलते आणि घुमटाला हलवते. रिबनमध्ये वेटोळे नाही, घुमटही नाही. दोन बाजूंना चुंबक आणि मध्ये अॅल्युमिनियमची चुण्या पाडलेली एक अरुंद पट्टी, दोन टोकांना धरलेली. वीज त्या पट्टीतूनच जाते आणि पट्टीच हलते. ही पट्टी केसाहून कितीतरी पातळ असते. ही कल्पना नवी मुळीच नाही. जर्मनीत शॉट्की आणि गेरलाख या दोघांनी १९२४ साली अशा पट्टीवर काम केले, आणि तीच युक्ती उलटी वापरून रिबन मायक्रोफोनही बनला.

पट्टी एवढी आखूड आणि सरळ, की तिचा विजेला होणारा विरोध ओहमच्या लहानशा अंशाइतका असतो. ती सरळ अॅम्प्लिफायरला जोडली तर अॅम्प्लिफायरच्या दृष्टीने ते शॉर्ट सर्किटच. म्हणून खऱ्या रिबनच्या पाठीमागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो हा आकडा चार किंवा आठ ओहमपर्यंत नेतो.

प्लेनरमध्ये पातळ प्लास्टिकचा पडदा ताणलेला असतो आणि त्यावर अॅल्युमिनियमच्या रेघा नागमोडी फिरवलेल्या असतात. वीज रेघांतून जाते, सगळा पडदा हलतो. रेघ लांब असल्यामुळे विरोध तीन-चार ओहम किंवा जास्त आपोआप मिळतो आणि ट्रान्सफॉर्मर लागत नाही. अमेरिकेत जिम वाइनी यांनी १९६९ साली मॅग्नेपॅन कंपनी काढली आणि याच तत्त्वावर दाराएवढे उंच स्पीकर बनवले. नंतर निओडिमियमचे जोरदार चुंबक आले, तेव्हा हीच वस्तू तळहातावर मावेल एवढी झाली.

तिसरा एक प्रकार दुकानात रिबन म्हणूनच विकला जातो. त्याचा पडदा घडीच्या पंख्यासारखा दुमडलेला असतो आणि घड्या मिटताना हवा चिमटीतून सुटल्यासारखी बाहेर फेकली जाते. ऑस्कर हाईल यांनी तो १९७० च्या दशकात आणला. वस्तू चांगली आहे, पण ती रिबन नव्हे, हे माहीत असावे.

मग दुकानात ओळखायचे कसे? आपल्या फिटर बंधूंकडे मल्टिमीटर असणारच. तो ओहमवर लावून दोन टोकांना टेकवा. प्लेनर असेल तर तीन, चार, सहा असा एक आकडा स्थिर दिसेल. खरा रिबन असेल तर काटा जवळजवळ शून्यावर जाईल, कारण मीटरला ट्रान्सफॉर्मरची तार तेवढी दिसते. शून्य दिसले म्हणून माल खराब समजून परत करू नका. आणि बॅटरीचा सेल लावून ‘टक्’ वाजतो का हे पाहायची आपली जुनी सवय इथे पूर्ण सोडा. त्या धक्क्याने पट्टी ताणली जाते.

आता आमची फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही एक रिबनची जोडी मागवली. परदेशातून आली. वाहतूक आणि जकात धरून आमचा एका महिन्याचा ओव्हरटाइम त्यात गेला. पट्टी चांगली लांब, १२ सेंटिमीटरची होती, आणि लांब म्हणजे चांगली असे आम्हीच ठरवून टाकले होते. पेट्या तयार झाल्या. दहा बाय बाराची खोली, ठेवायला जागा नाही, म्हणून भिंतीला फळी ठोकून त्यावर दोन्ही ठेवल्या. ट्विटर आमच्या उभ्या कानाच्या सरळ समोर आला. आम्ही उभे राहून ऐकले आणि खूश झालो. टाळ्यांचा एकेक हात वेगळा कळत होता.

संध्याकाळी आई भाजी निवडत खाली बसली होती. बातम्या लागल्या. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, “अरे, तुझ्या पेटीतला माणूस बोबडा बोलतोय का रं?”

आम्हाला वाटले, आईचे वय झाले, कान गेला. तसे म्हणालोही. आई गप्प बसली. मग पुतण्या तिच्याशेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, “काका, खरंच. इथं बसून ऐका ना.” आम्ही खाली बसलो. आवाज होता, पण घोंगडी पांघरल्यासारखा. स आणि श तर कुणी खोडून काढल्यासारखे. उभे राहिलो की परत येत, बसलो की जात. महिन्याचा ओव्हरटाइम उभे राहून ऐकण्यासाठी खर्च झाला होता.

याचे कारण समजून घेतले तर पुढची निवड सोपी होते. आवाजाची लाट हवेतून सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जाते. सेकंदाला १०,००० कंपने असलेल्या सुराची एक लाट त्यामुळे साडेतीन सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी लांब असते आणि ५,००० कंपनांची सुमारे सात. पट्टी लाटेपेक्षा आखूड असेल तर आवाज सगळीकडे पसरतो. पट्टी लाटेपेक्षा लांब झाली की गडबड सुरू होते. तुम्ही सरळ समोर असाल तर पट्टीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून निघालेला आवाज तुमच्या कानाशी एकाच वेळी पोचतो. तुम्ही खाली बसलात की खालचा भाग जवळ आणि वरचा लांब. एकाची लाट चढत असते तेव्हा दुसऱ्याची उतरत असते आणि त्या एकमेकींना खातात.

आडव्या दिशेला हा त्रास नाही, कारण पट्टी रुंदीला बोटाएवढीही नसते. म्हणून रिबनचा आवाज डावीउजवीकडे छान पसरतो आणि वरखाली मात्र कापल्यासारखा तुटतो.

आमच्या खोलीचा हिशेब असा. ट्विटर जमिनीपासून साडेपाच फुटांवर, खाली बसलेल्या आईचा कान अडीच फुटांवर, मध्ये अंतर सहा फूट. म्हणजे सहा फुटांत तीन फूट उतार, कोन सुमारे २६ अंशांचा. १२ सेंटिमीटरच्या पट्टीचा १०,००० कंपनांचा आवाज १७ अंशांवरच शून्य होतो. २६ अंशांवर ५,००० कंपनांचा आवाजही चौथ्या हिश्शावर येतो. स आणि श यांचा जीव याच भागात असतो. आईचे कान ठीक होते. पट्टी सहा सेंटिमीटरची असती तर त्याच जागी ५,००० ला जेमतेम चौथा हिस्सा घटला असता, आणि बातम्या नीट कळल्या असत्या.

म्हणून वाचकहो, ट्विटर निवडताना पहिला प्रश्न कंपनीचा नाही. आपल्या घरात माणसे ऐकताना कुठे बसतात, हा पहिला प्रश्न. परदेशी माहितीपत्रकात चित्र असते ते सोफ्यावर बसलेल्या एका माणसाचे. त्याचा कान आणि ट्विटर एका उंचीवर. आपल्याकडे एक जण कॉटवर, दोघे जमिनीवर, एक मोरीपाशी भांडी घासत आणि एक दारात उभा. सगळ्यांना ऐकू गेले पाहिजे. अशा घरात लांब पट्टी चालत नाही. दोन-अडीच इंचांपेक्षा लांब पट्टी किंवा पडदा घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही आमच्यापुरता उपाय काढला. फळी काढली. एक पेटी आईच्या शिवणयंत्राच्या टेबलावर आणि दुसरी विटा लावून उंच केलेल्या ट्रंकेवर ठेवली आणि दोन्ही उलट्या केल्या, म्हणजे ट्विटर खाली आणि वूफर वर. दिसायला विचित्र, पण पट्टी बसलेल्या माणसाच्या कानाजवळ आली. ज्यांच्या पेट्या आधीच बनल्या आहेत त्यांना हा उपाय फुकटचा आहे. पेटी मागून उचलून पुढे कलती करणे हाही एक मार्ग आहे, पण चार-पाच इंच उचललेली पेटी लहान मुलांच्या घरात भरवशाची नाही. आई शिवायला बसली की त्या बाजूची पेटी थरथरते, ते आम्ही सोडून दिले आहे.

दुसरा प्रश्न वूफरशी जोड कुठे लावायची. ट्विटर खाली किती उतरू शकतो आणि वूफर वर किती चढू शकतो, हे जुळले पाहिजे. लहान रिबन ३,००० कंपनांच्या खाली नेऊ नये. कारण साधे आहे. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर पट्टीला चौपट हलावे लागते, आणि ती जागा तिच्याकडे नसते. वूफरचे उलटे. त्याचा कागद लाटेएवढा रुंद झाला की तो टॉर्चसारखा फक्त समोर बोलू लागतो. पाच इंचीचा हलणारा भाग साधारण दहा सेंटिमीटर, म्हणजे तो सुमारे ३,४०० पर्यंत निभावतो. साडेसहा इंची २,६०० च्या आसपास थकतो आणि आठ इंची २,००० च्या जरा वर. आपल्या कल्याणच्या बंधूंनी पाच इंची घेतला हे बरे झाले. आठ इंची वूफरवर लहान रिबन बसवणाऱ्यांच्या पेटीत मधला आवाज पोकळ राहतो. बाईचा आवाज नेमका त्या पोकळीत पडतो. आठ इंचीवाल्यांनी सरळ घुमटाचा चांगला ट्विटर घ्यावा, तो खाली उतरू शकतो.

आमच्याकडे बहुतेक जण ट्विटरला एक कपॅसिटर लावून मोकळे होतात. घुमटाला ते कसेबसे चालते, रिबनला नाही. एका कपॅसिटरने एक सप्तक खाली वीज साधारण अर्धी होते, पण हालचाल चौपट, म्हणजे पट्टी दुपटीने हलतेच. तीन भागांची गाळणी लावली तर वीज आठव्या हिश्शावर येते आणि हालचाल निम्मी होते. आठ ओहमच्या ट्विटरला ३,००० वर तोडायचे तर आधी ४.४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग आडवे ०.३२ मिलिहेन्रीचे कॉइल, मग पुन्हा १३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. चार ओहमचा प्लेनर असेल तर कपॅसिटर दुप्पट आणि कॉइल निम्मे. रिबन आणि प्लेनर यांचा ओहमचा आकडा सगळ्या सुरांना जवळजवळ सारखा राहतो, त्यामुळे पुस्तकातले सूत्र इथे बऱ्यापैकी खरे उतरते. घुमटाच्या बाबतीत ते तेवढे उतरत नाही. कपॅसिटर ध्रुव नसलेला, प्लास्टिक फिल्मचा घ्यावा. काटकसर करायची तर पेटीच्या पॉलिशवर करा, इथे नको. तो कपॅसिटर हाच रिबनचा रखवालदार आहे. अॅम्प्लिफायर बिघडून डीसी बाहेर आली तर तोच अडवतो.

ट्विटर वूफरपेक्षा जोरात असतो हे विसरू नका. खोक्यावर वूफरला ८६ आणि ट्विटरला ९२ डेसिबल लिहिले असेल तर सहा कमी करावे लागतील. आठ ओहमला ते सोपे आहे. गाळणीच्या पुढे चार ओहमचा रेझिस्टर रांगेत आणि आठ ओहमचा ट्विटरला समांतर. दोन्ही दहा वॅटचे, पांढरे सिमेंटचे. हे केले नाही तर दोन दिवस आवाज स्वच्छ वाटतो आणि तिसऱ्या दिवशी डोके दुखते.

खोक्यावर ‘४०,००० पर्यंत’ असे लिहिलेले असते, त्यासाठी एक पैसा जास्त देऊ नका. तरुण निरोगी कान २०,००० पर्यंत ऐकतो, वयाबरोबर ती हद्द खाली येते, आणि एफएम रेडिओ मुळात १५,००० पर्यंतच पाठवतो. ज्यांना वडिलांच्या वेळच्या जुन्या कॅसेटींवरची भीमगीते ऐकायची आहेत त्यांनी तर आधी विचार करावा. आमच्या रिबनवर शाहिराच्या आवाजाआधी टेपची सुरसुर पुढे येऊन बसली. शेवटी त्या कॅसेटींसाठी आम्ही घुमटाची जुनी पेटीच ठेवली आहे.

बसवतानाची एक गोष्ट राहिली. या ट्विटरचे चुंबक फार जोरदार असतात. पेटीला भोके आधी पाडून, लोखंडाचा कीस आणि भुसा पुसून, मगच ट्विटर खोक्यातून काढावा. आमच्या पुतण्याने शेवटचा स्क्रू पिळताना स्क्रूड्रायव्हर जरा सैल धरला. चुंबकाने तो ओढून घेतला आणि टोक सरळ पट्टीत. टर्र एवढाच आवाज झाला. पोर रडकुंडीला आले. आम्ही रागावलो नाही, कारण पट्टीवर पुठ्ठा चिकटवून ठेवायला आम्हीच विसरलो होतो. सुटी पट्टी मागवली, ती यायला दोन महिने लागले आणि तोपर्यंत घरात एकच पेटी वाजली. घेण्यापूर्वी सुटी पट्टी मिळते का, हे विचारूनच घ्या. धूळ बसली तरी फुंकर मारू नये. पोरांच्या घरात समोर जाळी हवीच. प्लेनरचा पडदा या सगळ्याला जास्त दाद देतो, पण लोखंडाचा कण आत गेला तर तोही फरफरतो.

एका वाचक भगिनींनी विहाराच्या हॉलसाठी विचारले आहे. तिथे गोष्ट उलटी होते. हॉलमध्ये सगळे जमिनीवर, एकाच उंचीवर बसतात आणि वर पत्रा असतो. लांब पट्टी बसलेल्यांच्या कानाच्या उंचीवर लावली तर आवाज पत्र्याकडे आणि फरशीकडे कमी जातो, घुमणे कमी होते आणि प्रवचनातला शब्द सुटा ऐकू येतो. आमच्या घरात जो दोष ठरला तोच तिथे गुण. मात्र पुढच्या ओळीच्या मागे मागची ओळ झाकली जाऊ नये, म्हणून पेटी कानापेक्षा जरा वर, किंचित पुढे कलती ठेवावी. तीस-चाळीस माणसांपर्यंतच हे करा. जयंतीला वस्तीत लागतात त्या भिंतीएवढ्या पेट्यांशी या पट्टीचा काही संबंध नाही. तिथे हॉर्नच लागतो, आणि तिथे नेलेली आपली पट्टी पहिल्या गाण्यालाच जळेल.

आता कल्याणच्या बंधूंना उत्तर. तुमचा वूफर पाच इंची आहे, खोली लहान आहे, घरात मुले आहेत. रिबन नको. मुलाचा हट्ट पुरवायचाच असेल तर पाठ बंद असलेला, पडदा दोन-अडीच इंच उंच असा छोटा प्लेनर घ्या, ३,००० वर तीन भागांची गाळणी लावा, आणि पेटी कॉटवर बसलेल्या आणि खाली बसलेल्या माणसाच्या कानांच्या मधल्या उंचीवर ठेवा. मिक्सर आणि प्लेनर दोन्ही बसत नसतील तर मिक्सर घ्या आणि पेटीला लॅमिंग्टन रोडवर मिळणारा रेशमी घुमटाचा ट्विटर लावा. पेटीच्या फळीवर त्याचे भोक पाडताना आजूबाजूला जागा मोकळी सोडा, म्हणजे पुढे कधी प्लेनर आला तर करवत लावून भोक मोठे करता येईल. मोठे झालेले भोक लहान करता येत नाही.

पुढच्या वेळी गाळणीचे कॉइल घरी कसे गुंडाळावे ते लिहू. तोपर्यंत ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी पत्रात खोलीची लांबी-रुंदी, पेटी ठेवायच्या जागेची उंची आणि घरातली मंडळी ऐकताना कुठे बसतात, एवढे जरूर लिहावे.